पीएचडीवाल्यांची समिती: फेलोशिप अडकली असेल तर आधी इथं जा (5 पैकी 4)

कोल्हापुरात पीएचडी करणाऱ्यांसाठी रूम, मेस, अभ्यासिका, थिसिस बाइंडिंगवाले सगळ्याचे रिव्ह्यू सापडतात, पण संशोधक विद्यार्थ्यांची जी समिती आठवड्यातून एकदा शिवाजी विद्यापीठाच्या आवारात बसते तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय. ऑफिस नाही, फी नाही, पावती नाही. संध्याकाळी पाच-सहा जण बसलेले असतात, मध्ये फायली, एकाचा लॅपटॉप, आणि ज्याचं काम अडलंय त्यानं सरळ जाऊन बसायचं.

आधीच सांगते, ही लोकं तुमचं काम करून देत नाहीत. ओळख लावून साहेबांना फोन करा असं कुणी म्हणत असेल तर तिथं हात हलवत परत यावं लागेल. ते तुमच्याकडून अर्ज लिहून घेतात, आणि माझ्या मते ह्या शहरात संशोधकाला मिळणारी सगळ्यात उपयोगी सेवा हीच आहे.

माझं स्वतःचं सांगते. माझं संशोधन केंद्र जिल्ह्यातलं एक कॉलेज आहे, नाव नको. नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ ही संशोधन फेलोशिप आहे, विषय इतिहास. जानेवारी 2023 पासून जेआरएफ महिन्याला 37,000 आणि दोन वर्षांनंतरची एसआरएफ 42,000 झाली, घरभाडं भत्ता वेगळा, कागदावर सगळं छान आहे पण माझे पैसे काही महिने आलेच नव्हते. ऑफिसात विचारलं की एकच उत्तर, वरूनच आले नाहीत. समितीतल्या एका ताईनं मला पहिलाच प्रश्न विचारला, "तोंडी काय झालं ते राहूदे, कागद काय हाय तुमच्याकडं?" मग तिनं समजावलं की यूजीसीची म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून येते, त्यासाठी संस्थेला दर महिन्याला तुमचं काम चालू असल्याचं कन्फर्मेशन टाकावं लागतं, एक जण मेकर असतो तो भरतो आणि दुसरा चेकर असतो तो मंजूर करतो, ह्यातल्या एकानं जरी हात लावला नाही तर पैसे हलत नाहीत. म्हणजे "वरून आले नाहीत" ह्या वाक्यात वर म्हणजे दिल्लीच असेल असं काही नाही, बऱ्याचदा ते आपल्याच कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर असतं. माझं तसंच निघालं.

मग अर्ज. एका अर्जात एकच विषय, कुठल्या महिन्यांचं कन्फर्मेशन राहिलंय ते महिन्यांच्या नावांसकट, सोबत जोडलेल्या कागदांना नंबर, खाली तारीख, आणि दोन प्रती काढून एकीवर आवक विभागाचा शिक्का आणि नंबर घ्यायचाच. शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही हे त्या ताईनं इतक्यांदा बजावलं की मी खरंच हलले नाही. पैसे मागच्या थकबाकीसकट आले. कुणाशी भांडण झालं नाही, गाईडशी संबंध बिघडले नाहीत, आणि हे मला पैशाइतकंच महत्त्वाचं वाटतं कारण पीएचडीत गाईडच्या मनात अढी बसली तर पुढची सगळी वर्षं त्या अढीसोबत काढावी लागतात.

दुसरी गोष्ट, यांची माहिती पक्की असते. तुम्ही बसलात की आधी विचारतात रजिस्ट्रेशनची तारीख काय. मला वाटलं हे कशाला, तर ते सांगतात की नोव्हेंबर 2022 मध्ये यूजीसीचे नवीन पीएचडी नियम आले आणि त्याआधी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम लागतात, म्हणून शेजारच्याला जे चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. नवीन नियमांत पेपर छापण्याची सक्ती काढलेली आहे पण विद्यापीठ आपले नियम करू शकतं, त्यामुळं आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक बघा असं सांगून तेही हातात देतात. पेपर छापून देतो म्हणून पैसे घेणारे एजंट ह्या गोंधळावरच जगतात, त्यात यूजीसीनं मान्य जर्नल्सची केअर यादी 2025 मध्ये बंद केल्यापासून तर कुठलं जर्नल खरं कुठलं खोटं हे नव्या मुलांना कळेनासं झालंय. एका मुलानं एजंटचा मेसेज दाखवला, तो त्यांनी तिथंच वाचून काढला, संपादक मंडळात कोण आहे, रिव्ह्यूला किती दिवस लावणार, पैसे कधी मागतायत, असं एकेक तपासून. त्या मुलाचे पैसे वाचले.

बायकांच्या बाबतीत तर मी म्हणेन की प्रत्येकीनं एकदा जाऊन यावं. माझ्या ओळखीतल्या एकीला बाळंतपणाच्या वेळी सांगितलं गेलं होतं की रजिस्ट्रेशन रद्द करा, नंतर बघू. 2022 च्या नियमांत संपूर्ण पीएचडीच्या काळात 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा देता येते, आणि मुदतीचं म्हणाल तर 6 वर्षं, पुनर्नोंदणी करून अजून 2, आणि बायकांना व 40 टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी 2. हे कलम तिनं अर्जाला जोडलं आणि तिचं काम सुरू राहिलं. विचार करा, हे कुणी सांगितलं नसतं तर एक चांगली संशोधक घरी बसली असती.

तक्रार करायची वेळ आलीच तरी ते टप्प्यानं जायला लावतात. आधी विभाग, मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती, यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणं तिनं कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्यानंही समाधान झालं नाही तर विद्यापीठाचा लोकपाल. माहिती अधिकार शेवटी, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून.

आता मागण्यांचं. सारथी (मराठा समाजासाठी), बार्टी (अनुसूचित जातींसाठी), महाज्योती (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी) ह्या राज्य सरकारच्या तिन्ही संस्थांच्या फेलोशिपवाले इथं एकत्र बसतात, हे मला फार मोलाचं वाटतं कारण बाहेर ह्याच मुलांना एकमेकांविरुद्ध उभं करणारे कमी नाहीत. नोंदणीच्या तारखेपासून फेलोशिप द्या ही मागणी तिघांचीही आहे आणि निवेदन एकच जातं. हॉस्टेलचंही तसंच. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, ज्या गावात गरिबाच्या पोराच्या राहण्याखाण्याचा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी झाला तिथं संशोधकाला पाच-सहा वर्षं राजेंद्रनगर नाहीतर सागरमाळला महागड्या खोलीत काढावी लागू नयेत, एवढंच समितीचं म्हणणं आहे आणि ते मला शंभर टक्के पटतं.

लायब्ररीबद्दलही ह्यांनीच डोळे उघडले. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात नुसती पुस्तकं घेऊन परत येऊ नका, वन नेशन वन सबस्क्रिप्शन ह्या केंद्र सरकारच्या योजनेतून 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स सरकारी संस्थांना उघडी झालीत, ती कशी वापरायची ते काउंटरवर विचारा असं सांगतात. मी विचारलं, नीट सांगितलं.

एक स्टार का कापला? वेळ. संध्याकाळची बैठक शहरातल्यांना बरी आहे पण चंदगड, आजरा, शाहूवाडीकडून येणाऱ्या मुलींनी शेवटची एसटी गाठायची की अर्ज पूर्ण करायचा? महिन्यातून एकदा तरी रविवारी सकाळी बसा, हे मी त्यांना तोंडावरही सांगितलंय. सायन्सवाले फार कमी येतात, त्यामुळं लॅब, केमिकलची खरेदी, कंटिजन्सीची म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची बिलं ह्यावर सल्ला कच्चा मिळतो. आमच्यासारख्यांना मात्र नीट मिळतो, आर्ट्सला पहिली दोन वर्षं वर्षाला 10,000 आणि नंतर 20,500 कंटिजन्सी असते आणि मोडी कागदांचं लिप्यंतर करून घेतल्याचं बिल त्यात कसं बसवायचं हे मला इथंच कळलं.

समितीच्या ग्रुपवरचे मेसेज फार लांब असतात, परिपत्रक सोप्या मराठीत करून टाकतात हे उत्तमच, पण जुनं काही शोधायचं तर सापडत नाही. एक साधी फाईल करून ठेवा, विषयवार. आणि हे तातडीनं करा, कारण सगळं ज्ञान तीन-चार जणांच्या डोक्यात आहे आणि त्यातल्या दोघांचं सबमिशन जवळ आलंय.

जाताना रजिस्ट्रेशनचं पत्र, फेलोशिपचं अवॉर्ड लेटर, शेवटच्या प्रगती अहवालाची झेरॉक्स आणि बँक पासबुकाची शेवटची नोंद घेऊन जा. कोरे कागदही न्या, अर्ज तिथंच तुमच्याच अक्षरात लिहायला लावतात.