लेझरच्या 3 सिटिंग्ज आणि मलमाची एक ट्यूब

वय 58, राहणार सांगली. जागा अशी की डॉक्टरांपुढेही आपण ‘खाली त्रास आहे’ एवढंच पुटपुटतो, म्हणून नाव देत नाही.

आजार लायकेन स्क्लेरोसस. योनीच्या बाहेरची कातडी पांढरी पडते, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी दिसते, चिरा पडतात. आणि खाज! झोपेत नखं लागून सकाळी परकराला रक्ताचे डाग. पाळी गेल्यावर सुरू झालं आणि 4 वर्षं मी बुरशीची मलमं चोळत बसले. धीर करून मोठ्या जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “कोड तर नाही ना गं?” कोडही नाही आणि संसर्गही नाही, हे पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तुकडा काढून तपासल्यावर कळलं.

त्यांनी क्लोबेटासोल 0.05 टक्के, म्हणजे जोरदार स्टेरॉइडचं मलम, लिहून दिलं. क्रीम नव्हे, ऑइंटमेंट. क्रीम चिरांवर झोंबतं. पहिले 4 आठवडे रोज रात्री, पुढचे 4 एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. 30 ग्रॅमची ट्यूब 3 महिने पुरली पाहिजे, म्हणजे थोडकंच लावायचं. औषधाच्या दुकानातला मुलगा चिठ्ठी बघून म्हणाला, “काकू, हे नाजूक जागी लावत नाहीत, कातडी पातळ होते.” आतल्या कागदावरही तसंच छापलेलं. बाराव्या दिवशी मी ट्यूब कपाटात टाकली. खाज कमी झाली होती, तरी!

मग लेझर. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर, महिन्याच्या अंतराने 3 सिटिंग्ज, 45 हजार. “मलमाची कटकटच संपेल,” असं सांगितलं गेलं. भूल देणारं मलम लावून बसायचं, मग सुया टोचल्यासारखं, वर किंचित करपल्याचा वास. पुढचे तीन दिवस लघवी करताना तांब्याने पाणी ओतत बसायचे, इतकी आग. पण खोटं कशाला बोलू, आराम पडला. पाचेक महिने शांत झोपले. दिवाळीत फराळ करताना पुन्हा तीच खाज. विचारलं तर दर वर्षी एक सिटिंग लागेल म्हणाले, 15 हजार. हे आधी कोणी बोललं नव्हतं.

ओशाळून पुण्याला परत गेले. बाई रागावल्या नाहीत, पण कागद काढून समजावलं. 2021 साली 52 बायकांवर लेझर आणि क्लोबेटासोलची तुलना झाली. 6 महिन्यांनी लेझरवाल्यांना जास्त बरं वाटत होतं. पण लेझर झालंय की मलम, हे ज्याचं त्याला ठाऊकच असणार, मग नुसत्या बरं वाटण्यावर किती विसंबायचं? त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात काहींना खोटं लेझर दिलं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कातडीत म्हणावा तसा फरक दिसला नाही. मला मात्र हलवलं ते ऑस्ट्रेलियातल्या 507 बायकांच्या नोंदींनी. या आजारात पुढे कॅन्सरचा थोडा धोका असतो, हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं. ज्यांनी मलम नेमाने लावलं, त्यांच्यातल्या एकीलाही तो झाला नाही. चुकारपणा करणाऱ्यांपैकी काहींना झाला. कातडी पातळ होण्याची भीती? “आजार अंगावर काढलात तर त्याहून जास्त खराब होईल,” बाई म्हणाल्या.

आता दोन वर्षं बुधवार-रविवार मलम, हातात छोटा आरसा धरून. (पहिल्यांदा आरशात बघताना लाज वाटली. 56 वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.) साबण बंद, वर व्हॅसलीन. सहा महिन्यांनी तपासणी. ट्यूब दोनशेच्या आत येते. लेझर ज्यांना करायचंय त्यांनी करावं, पण मलम सोडून नाही, आणि पैसे भरण्याआधी पुढच्या वर्षाचा खर्च विचारून.

पांढरेपणा बराच ओसरला, खाज नाही. जो भाग आक्रसून चिकटला तो मात्र तसाच आहे. लेझरने सुटला नाही, मलमानेही नाही. तो त्या बुरशीच्या चार वर्षांत गेला.