पोट्ट्यांच्या पहिल्या निसर्ग सहलीला अंबाझरी जैवविविधता उद्यान कसं आहे?

वस्तीतल्या ज्या मुलांनी रान कधी पाहिलंच नाही, त्यांना नागपुरात पहिल्यांदा न्यायला अंबाझरी तलावाजवळचं हे उद्यान सगळ्यात चांगलं. गोरेवाड्याच्या सफारीत वाघ-अस्वल दिसतात, पण बसमधून उतरता येत नाही, हाताला काही लागत नाही. इथे वन विभागाचं सुमारे साडेसातशे हेक्टर गवत, झुडपं आणि तलावाचा काठ आहे आणि पायी फिरता येतं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, उजाडताच. सावली कमी आहे, त्यामुळे दहाच्या पुढे पोरं कंटाळतात. तारीख ठरवण्याआधी वस्तीत नळ कधी येतो ते विचारा. पाणी भरायची वेळ आडवी आली की मुली गळतात.

खरी अडचण पायांची. निम्मी मुलं चपलेत येतात आणि गवतातली कुसळं थेट पायात घुसतात. आठवडाभर आधी मापं घेऊन जुने कॅनव्हासचे बूट गोळा करा, फुलपँट सांगा. गोचीडही असतात, तेव्हा परतताना घोटे आणि गुडघ्यामागे बघायचंच. पण याच कुसळावर अर्धा तास सहज जातो. त्याच्या लांब शेपटीला पीळ असतो. वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडतो आणि कुसळ हातावरच फिरायला लागतं. बी मातीत शिरतं ते असंच. यानंतर पोरं वाकून बघायला लागतात, वेगळं सांगावं लागत नाही.

दुर्बीण पाच-सहा जणांत एक पुरते. नेहमीची ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) लहान मुलांना जड होते, शिवाय तिच्या नळ्या त्यांच्या डोळ्यांतल्या अंतराइतक्या जवळ येत नाहीत. मग दोन वेगळे गोल दिसतात. ६ बाय ३० किंवा ८ बाय २५ बरी. काही न दिसताही मुलं भिडेपोटी ‘दिसलं’ म्हणतात, म्हणून तलावावरच्या वारकरी या काळ्या पाणपक्ष्याबद्दल ‘वारकरीची चोच कोणत्या रंगाची?’ असं विचारा. पांढरी म्हटलं तर दिसली.

सायकली भाड्याने मिळतात, मुलांचं लक्ष पहिलं तिकडेच जातं. त्या शेवटी द्या. आधी दिल्या की शर्यत लागते आणि टिटवी सगळं रान जागं करते.

नाग नदीकाठच्या मुलांना तलावापाशी जरा जास्त वेळ थांबवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे हाच तलाव ओसंडला आणि नदीने घरं बुडवली. ज्यांच्या घरात ते पाणी शिरलं त्यांना ओसंडून वाहणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पाणी कुठून आलं एवढं दाखवायचं आणि त्यांना बोलू द्यायचं.

पाणी माणशी एक लिटर आणि गूळ-फुटाणे सोबतच न्या. पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ सेंट किंवा वासाचं तेल लावून जायचं नाही, दगड तर मुळीच नाही. तिकिटाचे दर आणि बंदचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि पैसे दोनच सहलींचे असतील तर दुसऱ्यांदाही इथेच या, ऋतू मात्र बदला: पहिली डिसेंबरात, दुसरी पहिल्या पावसानंतर.