मिग वेल्डिंग मशीन उत्तम, अर्थ क्लॅम्प टाकाऊ: जुन्या पिकअपच्या केबिनवर काही महिने वापरल्यानंतर

मिग म्हणजे रिळावरची तार आपोआप पुढे सरकवत तिच्या टोकाशी विजेचा चाप (आर्क) पेटवून पत्रे जोडणारे मशीन. हे मशीन घेण्याचा विचार करणाऱ्यांना त्याचे आकडे पाठ असतीलच. ते घरगुती सिंगल फेजवर चालते, इन्व्हर्टर पद्धतीचे आहे, आणि गॅस लावून भरीव तारेने किंवा गॅसविना फ्लक्सच्या (पोटात जोडाला हवेपासून जपणारी भुकटी भरलेल्या) तारेने असे दोन्ही प्रकारे वेल्डिंग करते. ते सारे पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. मला सांगायचे आहे ते मशीनमधून निघणाऱ्या, पत्र्याला जोडून प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण करणाऱ्या अर्थच्या केबलच्या टोकाला असलेल्या चिमट्याविषयी, म्हणजे क्लॅम्पविषयी, आणि तो चिमटा निवडताना कंपनीने वाचवलेल्या चार पैशांविषयी. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच वर्गातील इतर मशीनांबरोबरही जवळपास तसाच क्लॅम्प येतो.

मशीन ज्या कामासाठी घेतले ते काम आधी सांगतो. शेव्हरोलेची अ‍ॅडव्हान्स डिझाइन मालिका १९४७ ते १९५५ या काळात निघाली. त्यातील एका पिकअपची केबिन घरच्या घरी दुरुस्त करणे चालू आहे. या गाड्या ज्यांनी उघडून पाहिल्या आहेत त्यांना गंज कुठे असतो ते सांगावे लागत नाही: केबिनचे मागचे खालचे कोपरे, दारांखालच्या पट्ट्या, पायांखालचा पत्रा आणि दारांचा तळ. मागचे कोपरे दुहेरी पत्र्याचे असतात, त्यामुळे आत शिरलेली माती आणि पाणी बाहेर पडत नाही आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग फुगलेला दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेलाच असतो. चांगला उरलेला पत्रा साधारण १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरतो. आजच्या मोटारींच्या बॉडीच्या पत्र्यापेक्षा तो जाड असतो, आणि घरी शिकत काम करणाऱ्याला ही मोठीच सवलत आहे.

अशा पत्र्यावर ०.६ मिलिमीटरची भरीव तार आणि आर्गॉन व कार्बन डायऑक्साइड यांचे ७५:२५ प्रमाणातील मिश्रण वापरले, तर हे मशीन खरोखर सुरेख चालते. ९० अँपिअरला २० टक्के ड्यूटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांपैकी दोनच मिनिटे वेल्डिंग, हा आकडा वाचून पुष्कळ लोक नाक मुरडतात. परंतु पत्र्याच्या कामात सलग रेघ ओढायचीच नसते. एक टॅक (ठिपक्याएवढा जोड) इथे, दुसरा हातभर दूर, तिसरा त्या दोहोंच्या मध्ये, आणि मधल्या वेळात पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा. घाई केली की जोड आकसतो आणि सपाट भाग पोक काढून बसतो. मशीनला विश्रांती लागण्याआधी पत्र्यालाच ती लागते, त्यामुळे कमी ड्यूटी सायकलची अडचण मला एकदाही जाणवली नाही. जाड चेसी जोडायची असेल तर गोष्ट वेगळी. पण ते काम या मशीनचे नाहीच.

आता क्लॅम्प. पातळ पत्रा दाबून केलेले दोन जबडे, वरून तांब्याचा भास होईल इतपत मुलामा, मध्ये एक स्प्रिंग, आणि केबल फक्त एका जबड्याला रिव्हेटने जोडलेली, असा हा ऐवज आहे. दुसऱ्या जबड्याकडे प्रवाह जायचा तर तो मधल्या पिनेतून आणि स्प्रिंगमधून जातो, म्हणजे जवळजवळ जातच नाही. ज्या जबड्याला केबल आहे तो पत्र्याच्या रंगवलेल्या बाजूला टेकला आणि नुसता जबडा घासलेल्या बाजूला, तर क्लॅम्प घट्ट बसलेला दिसतो आणि चाप फुरफुरत राहतो. नवशिका माणूस तारेचा वेग बदलतो, व्होल्टेज बदलतो, गॅस वाढवतो, शेवटी स्वतःच्या हाताला दोष देतो. चिमट्याकडे त्याचे लक्षही जात नाही.

हे केवळ वैतागातून लिहीत नाही, त्यामागे साधा हिशेब आहे. मिग मशीन व्होल्टेज स्थिर धरते; तारेच्या वेगावर प्रवाह ठरतो आणि व्होल्टेजवर चापाची लांबी. पातळ पत्र्याला एकूण सोळा-सतरा व्होल्ट पुरतात. क्लॅम्पच्या सांध्यात समजा फक्त ०.०२ ओहमचा रोध असेल, तर ७० अँपिअरला तिथेच १.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे शंभर वॅट उष्णता क्लॅम्पमध्येच निर्माण होते. क्लॅम्प गरम झाला की स्प्रिंग सैल पडते, पकड कमी होते, रोध आणखी वाढतो. तोट्याचे व्होल्टेज एकसारखे असते तर ते मशीनवर वाढवून भरून काढता आले असते. पण ते क्षणोक्षणी बदलते, आणि म्हणूनच मशीनची कोणतीही जुळवणी टिकत नाही. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी दुसऱ्या माणसाला वेल्डिंग करायला सांगून मल्टिमीटरची एक पिन केबलच्या टोकाच्या लगला (धातूच्या जोडटोकाला) आणि दुसरी उघड्या पत्र्याला लावून पाहावी. मूळ क्लॅम्पवर काटा व्होल्टाच्या वर नाचत होता; नंतर बसवलेल्या भरीव पितळी क्लॅम्पवर, ज्याचे दोन्ही जबडे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडलेले आहेत, तो जेमतेम हलला. तार, गॅस, पत्रा आणि हात तेच असताना उडणाऱ्या ठिणग्या निम्म्याहून कमी झाल्या आणि चापाचा आवाज एकसारखा येऊ लागला.

क्लॅम्प कुठे लावायचा हाही प्रश्न या गाड्यांत वाटतो तितका सोपा नाही. केबिन चेसीवर रबराच्या पॅडवर आणि बुशवर बसलेली असते. क्लॅम्प चेसीला लावून केबिनवर वेल्डिंग केले, तर प्रवाह परत जाण्यासाठी मिळेल ती वाट शोधतो, आणि ती वाट चोकच्या किंवा स्पीडोमीटरच्या केबलमधून, नाहीतर एखाद्या बारीक अर्थ वायरमधून जाऊ शकते. दाराला क्लॅम्प लावून केबिनवर काम केले तर तो बिजागरीच्या पिनांतून जातो. म्हणून ज्या पत्र्यावर काम करायचे त्याच पत्र्यावर, जोडापासून वीतभर अंतरावर, चमक येईपर्यंत घासलेल्या जागी क्लॅम्प लावावा, आणि त्याआधी गाडीची बॅटरी सोडवून ठेवावी. जागा पुसण्यासाठी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र चुकूनही वापरू नये. त्याचा अंश पत्र्यावर राहिला आणि वर चाप पेटला तर फॉस्जीनसारखा प्राणघातक वायू तयार होतो. जुन्या रंगात शिसे असण्याचीही शक्यता असते, त्यामुळे ग्राइंडर चालवताना नाकाला फडके बांधून भागत नाही, योग्य फिल्टरचा मास्क लागतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या गाड्यांची मूळ वीजव्यवस्था सहा व्होल्टची आहे. तेवढ्याच वॅटसाठी बारा व्होल्टच्या गाडीच्या दुप्पट प्रवाह लागतो, आणि अर्थच्या एखाद्या गंजक्या सांध्यात एक व्होल्ट गेला तरी एकूण व्होल्टेजचा सहावा हिस्सा गेला. सहा व्होल्टचे दिवे मंदच असतात, अशी तक्रार करत पूर्ण गाडी बारा व्होल्टवर नेणाऱ्यांपैकी अनेकांचा त्रास खरे तर बॅटरी, इंजिन, चेसी आणि केबिन यांच्यामधल्या अर्थच्या पट्ट्या नव्या केल्यानेच मिटला असता. सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीतही तेच दुखणे आणि आजच्या मशीनमध्येही तेच. गाडीच्या बाबतीत निदान गंजाला दोष देता येतो.

गॅसविना वेल्डिंगविषयी थोडक्यात लिहितो. फ्लक्सच्या तारेसाठी मशीनच्या आतील जोडणी उलटवावी लागते. भरीव तारेला गन, म्हणजे तार सोडणारी हातातली मूठ, धन टोकाला असते, फ्लक्सच्या तारेला ऋण टोकाला. बंपरचे ब्रॅकेट किंवा मागच्या हौद्याच्या आडव्या पट्ट्या यांसाठी ती ठीक आहे, आणि वाऱ्यात उघड्यावर काम करायचे असेल तर गॅसपेक्षा बरीच. पातळ पत्र्यावर मात्र या तारेची उष्णता जास्त पडते, जोडावरची मळी झाडत बसावे लागते, आणि ०.८ च्या तारेने भोके पडायला वेळ लागत नाही. भोक भरताना मागे तांब्याची जाड पट्टी धरावी. वितळलेले पोलाद तांब्याला चिकटत नाही. केवळ गॅसच्या सिलिंडरचा खर्च टाळण्यासाठी कुणी हे मशीन घेणार असेल, तर त्याने पत्र्याच्या कामाची आशा ठेवू नये.

इथपर्यंतचा मजकूर मशीनचा फीडर, म्हणजे तार पुढे सरकवणारा भाग, मोडण्यापूर्वी लिहिला होता. तो तसाच ठेवतो, कारण त्यातील एकही वाक्य मागे घ्यावेसे वाटत नाही. परंतु मशीनच्या टिकाऊपणाविषयी आणि कंपनीविषयी आता वेगळे लिहावे लागत आहे.

तारेवर दाब देणारा रोलर ज्या प्लॅस्टिकच्या आर्मवर बसतो, तो आर्म बिजागरीपाशी तुटला. दाबच नाही म्हटल्यावर तार पुढे सरकेना, आणि एका कोपऱ्याचा बाहेरचा पत्रा अर्ध्याच टॅकवर लटकत राहिला. सेवाकेंद्राने पहिला आरोप तारेवर केला: तार हलकी असेल, दाब फार आवळला असेल. दाबाची खूण त्यांच्याच पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्यावर आहे, हे दाखवणारे छायाचित्र पाठवले. मग मशीनच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र मागितले, मग बिलाचे, मग तुटलेल्या भागाचा व्हिडिओ. तुटलेला भाग हलत नाही, त्यामुळे व्हिडिओत आणि छायाचित्रात काय फरक पडणार, हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला. या सगळ्या पत्रव्यवहारात मी क्लॅम्पचीही तक्रार जोडली होती. त्यावर फोन आला, ‘सर, क्लॅम्प कन्झ्युमेबलमध्ये येतो, वॉरंटीत नाही.’ गनच्या तोंडाची कॉन्टॅक्ट टिप झिजते, नोझल खराब होते, ते मला मान्य आहे. क्लॅम्प मात्र झिजला नव्हता; तो डब्यातून निघाला तेव्हाच तसा होता. जी वस्तू पहिल्या दिवशी काम करत नाही ती वापराने संपली असे कसे म्हणता येईल, असे मी विचारले, तेव्हा ‘वर कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले. एवढे मशीन विकून चिमट्यासाठी ग्राहकाशी वाद घालायचा, म्हणजे हत्ती विकून अंकुशासाठी हुज्जत घालण्याचाच प्रकार झाला.

आणि मग जे पार्सल आले त्याने मला गप्प केले. त्यात आर्म होता, विनामूल्य होता, आणि तो प्लॅस्टिकचा नसून धातूचा ओतीव होता. म्हणजे आर्म कमजोर असल्याचे कंपनीला ठाऊक होते आणि तिने तो सुधारलाही होता. फक्त जुन्या ग्राहकांना कळवले नव्हते. नवा आर्म बसवायला दोन स्क्रूंपलीकडे काही लागले नाही. त्यानंतर तार पूर्वीपेक्षाही एकसारखी येते, कारण प्लॅस्टिकचा आर्म दाबाखाली किंचित वाकत असणार. हे मशीन विकत घेणाऱ्याने आत उघडून आर्म धातूचा आहे का ते आधी पाहावे. रोलरची खाचही पाहावी: भरीव तारेला गुळगुळीत व्ही खाच हवी आणि फ्लक्सच्या पोकळ तारेला दातेरी. दातेरी खाचेत भरीव तार घातली तर ती खरवडली जाऊन लायनर, म्हणजे तार जिच्यातून गनपर्यंत जाते ती नळी, भरून जातो.

त्याच पार्सलमध्ये, मागितलेला नसताना, एक क्लॅम्पही होता. पत्र्याचाच, मुलाम्याचाच, केबल एकाच जबड्याला. तो मी पत्रे धरून ठेवायला वापरतो, आणि त्या कामात तो चांगला आहे.

अर्धवट राहिलेला कोपरा आता पूर्ण झाला आहे. काम करणाऱ्यांसाठी दोन सूचना, ज्यांचा मशीनशी थेट संबंध नाही पण ज्यांच्यावाचून मशीन निरुपयोगी ठरेल. कोपरा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत एक नळी तिरपी टॅक करून घ्यावी आणि एका वेळी एकच बाजू कापावी, नाहीतर दाराची फट पुन्हा कधीच जुळणार नाही. आणि १९४९ पासूनच्या या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे उभी असते, म्हणजे ज्या कोपऱ्यावर चाप पेटवायचा त्याच्या अगदी शेजारी. ती नुसती रिकामी करून चालत नाही, कारण भरलेल्या टाकीपेक्षा वाफ साठलेली रिकामी टाकी अधिक धोक्याची असते. सीटसकट ती गाडीतून काढून दूर नेऊन ठेवावीच लागते.

पाचपैकी साडेतीन तारे देतो. आर्मसाठी कापलेला अर्धा तारा धातूचा आर्म आल्यावर परत दिला आहे. क्लॅम्पसाठी कापलेला दीड तारा कायम आहे. मशीन घेताना त्याच फेरीत २०० अँपिअरचा भरीव पितळी क्लॅम्प आणि केबलच्या जाडीला बसणारा तांब्याचा लग घ्यावा, रिव्हेट कापून काढावा, लग दाबून बोल्टने आवळावा, आणि मगच पहिला टॅक मारावा.