बबलवाला एअर बेड: घ्यावा, पण गोधडी वरून

नाशिकच्या गोळे कॉलनीत सर्जिकलच्या दुकानात ‘एअर बेड’ मागितला की बहुधा बबलवालाच पुढे येतो. किंमत साधारण २००० ते ४००० रुपये. अंथरुणाला खिळलेल्या, अंगावर मांस न उरलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी हे पैसे सत्कारणी लागतात. नाव बेड असलं तरी हे नेहमीच्या गादीवर अंथरायचं आवरण आहे. बबलच्या एकाआड एक रांगा दर काही मिनिटांनी फुगतात आणि बसतात, म्हणून माकडहाडावरचा दाब एकाच जागी राहत नाही आणि पडून राहिल्यानं होणारी जखम (बेडसोर) टळायला मदत होते.

पंप पायथ्याशी पलंगाच्या पट्टीला अडकवा. जमिनीवर ठेवला की नळी पायात येते, दुमडते आणि हवा अडते. डायलवरच्या आकड्यावर विसंबू नका. माणूस झोपवल्यावर पंजा उताणा करून आवरणाखाली, बरोबर माकडहाडाच्या खाली सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे.

खरा घोळ होतो तो वरच्या थरांत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीनं प्लास्टिक गार पडतं, म्हणून अंगाखाली दुपदरी गोधडी, त्यावर रबरी कापड, त्यावर ताणून खोचलेली चादर! बबलची हालचाल पाठीपर्यंत पोचतच नाही आणि खाली घाम साचतो तो वेगळाच. अंगाखाली एकच सुती चादर, तीही सैल. गोधडी पांघरायला द्या.

टाचा या बेडवरही दाबातून सुटत नाहीत. पोटरीखाली उशी घालून त्या अधांतरी ठेवा. सोबत दुकानदार बसायची रबरी रिंग गळ्यात मारेल, ती नको. तिच्या कडेनं रक्तपुरवठा दाबला जातो.

बेड आला म्हणून कूस बदलणं थांबत नाही: साधारण दर दोन तासांनी, पाठीशी उशी लावून ३० अंशांइतकंच कलतं. लाल झालेली जागा बोटानं दाबून पांढरी पडत नसेल तर तिथे चोळू नका, पावडरही नको, नर्सला दाखवा. कूस बदलताना कण्हत असतील तर वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी बसेल अशी वेळ डॉक्टरांकडून लावून घ्या. अगदी शेवटच्या दिवसांत दोन तासांचा हट्ट धरू नका, हलवण्याचाच त्रास जास्त होतो. तेव्हा काळजी घेऊनही जखम होऊ शकते.

वापरलेला घेणार असाल तर दुकानातच तासभर फुगवून, पंप चालू ठेवून बघा. पंक्चर बबल तिथेच कळतो.