बिलात टायमिंग बेल्ट, गाडीत चेन: हेड न उघडताच हेडच्या कामाचे पैसे

दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडून हेड गॅस्केटच्या कामाचे ३४,६०० रुपये घेतले गेले आणि ते काम झालंच नव्हतं. (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो खालच्या भागावर बसतो तिथलं सील म्हणजे हेड गॅस्केट.) गाडी मात्र त्या दिवसापासून नीट चालू लागली, त्यामुळे संशय यायला काही कारणच नव्हतं. फसवणूक उघडी पडली ती कित्येक महिन्यांनी, भलत्याच कामासाठी बॉनेट उघडल्यावर.

गाडी २०१० ची स्विफ्ट डिझायर, पेट्रोल. पुण्याहून कोल्हापूरला येत होतो. हायवेवर सहापदरीकरणाचं काम चाललेलं, कराडजवळ वाहनांची ही रांग लागलेली. गाडी जागेवर उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढायचा आणि रस्ता मोकळा मिळून गाडी ऐंशीला लागली की आपोआप खाली यायचा. दुसऱ्यांदा अडकलो तेव्हा काटा लाल पट्टीला टेकला. गाडी बाजूला घेतली, बंद केली. थंड झाल्यावर हळूहळू नेत हायवेलगतच्या एका गॅरेजला लावली. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

उभी असताना तापते आणि पळताना थंड होते, एवढ्या एका लक्षणात निम्मं निदान आहे. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. उभी असते तेव्हा ते काम विजेच्या पंख्याचं. म्हणजे अशा वेळी आधी पंखा बघायचा: फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), वायरिंग, मोटर. हेड गॅस्केट गेलेली गाडी साधारणपणे चढाला आणि वेगातही तापते, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी कमी होत जातं. मी मालकाला हे लक्षण जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान डोलावली, पोऱ्याला ऑइलचं झाकण काढायला सांगितलं आणि झाकणाची आतली बाजू माझ्यापुढे धरली. तिथे पिवळट पांढरा, सायीसारखा थर होता.

"साहेब, ऑइलमध्ये पाणी गेलंय. हेड गॅस्केट उडालंय. आत्ता नाही उघडलं तर इंजिन धरेल, मग लाखाच्या घरात जाल. आणि पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होतात ना गाडीला? पासिंगला अशी गाडी उभीच करून घेणार नाहीत."

त्या थराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हा पुरावा म्हणून सर्रास दाखवला जातो. पावसाळ्यात गाडी गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरली की इंजिन पुरतं तापत नाही. आतल्या हवेतलं बाष्प वरच्या थंड झाकणाला धरतं, ऑइलच्या वाफेत मिसळतं आणि त्याची अशी साय जमते. लांबचा एखादा प्रवास झाला की ती बहुतेक वेळा निघून जाते. खरोखर पाणी ऑइलमध्ये उतरलं असेल तर ते डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) दिसतं: ऑइल चहासारखं दुधट होतं, पातळी वाढते. डिपस्टिकवर ऑइल नेहमीसारखं असेल आणि फक्त झाकणाला थर असेल, तर त्यावरून हेड उघडायचा निर्णय कुणी घेऊ नये. माझ्या गाडीची डिपस्टिक त्या दिवशी कुणी बाहेर काढली नाही.

हेड गॅस्केटची खात्री करायच्या चाचण्या ठरलेल्या आहेत आणि त्यातली एकही हजारांत जात नाही. एक कॉम्प्रेशनची चाचणी, ज्यात प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम कमी आला तर गॅस्केटवर संशय घ्यायला जागा आहे. दुसरी, रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रव भरलेली नळी लावायची. कूलंटमध्ये जळालेला वायू येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. शिवाय इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहणं, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसणं, थंड इंजिन झाकण काढून चालू केल्यावर सतत बुडबुडे येणं, ही लक्षणं. (रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि उघडताच तोंडावर उसळतं. यात माणसं होरपळली आहेत.)

मी चाचणी करून दाखवा म्हटलं. "हेड उघडल्यावर दिसेलच की" असं उत्तर आलं. रात्र पडायला आलेली, घरची मंडळी बरोबर. गाडी तिथे ठेवून आम्ही एसटीने कोल्हापूर गाठलं. पुढे फोनवर "हेड लेथवर फेसिंगला दिलंय", म्हणजे त्याची खालची बाजू घासून सपाट करायला दिलंय, असं कळवण्यात आलं. मी जुना पार्ट राखून ठेवा आणि पक्कं बिल द्या असं बजावलं होतं. दोन्ही मिळालं. जुनं गॅस्केट काळपट, कडेला जळालेलं, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवलेलं होतं. बिलावर हेड गॅस्केट सेट, हेड फेसिंग, टायमिंग बेल्ट (हेडमधल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा; काही इंजिनांत त्याच्या जागी चेन असते), कूलंट, इंजिन ऑइल, फिल्टर आणि लेबर. सगळं रीतसर.

गाडी घरी आणली. ट्रॅफिकमध्ये उभी केली, एसी लावून ठेवली, काटा मधोमध स्थिर. माणसाला याहून अधिक काय हवं असतं?

पुढच्या वर्षी गाडी मिसिंग करायला लागली. सिग्नलला उभी असताना थरथर, चढाला पिकअप नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक वयस्क मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी कॉइल काढून स्पार्क प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारला, तर आत तेल साचलेलं. टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) रबरी गॅस्केट वयाने कडक होतं आणि तेल प्लगपाशी उतरतं, जुन्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. मी सहज म्हटलं, मागच्या वर्षीच हेडचं काम झालंय, तेव्हा हे बदललंच असेल ना? त्यांनी काही न बोलता कव्हर उतरवलं. मग मला जवळ बोलावलं.

"हे हेड कुणी उघडलेलंच न्हाई, साहेब. हिकडं बघा."

त्यांनी टॉर्च धरून दाखवलं ते असं. हेडच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांच्या तेलाचा तपकिरी, गुळगुळीत लेप चढलेला होता. पाना लागला असता तर बोल्टाच्या कडा घासून चकाकल्या असत्या. हे इंजिन चेनचं आहे. हेड काढायचं तर बाजूचं चेन कव्हर आधी उतरवावं लागतं आणि ते परत बसवताना नवं सीलंट भरावं लागतं. तिथे जोडावर कंपनीतली बारीक, सरळ रेघ जशीच्या तशी होती आणि तिच्यावर जुनी धूळ तेलात घट्ट बसलेली. हाताने भरलेलं सीलंट इतकं सरळ कधी येत नाही, कडेने फुगतंच.

मी बिल दाखवलं. "टायमिंग बेल्ट?" मामांनी चष्मा वर केला. मारुती ८०० आणि जुन्या अल्टोला बेल्ट असतो. या डिझायरच्या १.२ लिटरच्या के-सिरीज इंजिनाला बेल्ट नसतोच. मग मी डिकीतून ती पिशवी आणली. गॅस्केट हातात घेऊन त्यांनी ते उजेडाकडे धरलं आणि सिलिंडरच्या मोठ्या भोकांवर बोट ठेवत मोजलं. तीन. माझी गाडी चार सिलिंडरची. हे गॅस्केट ८०० किंवा अल्टोसारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचं, कुणाच्या तरी गाडीतून निघालेलं, जुना पार्ट मागणाऱ्या गिऱ्हाईकाच्या हातात द्यायला ठेवलेलं.

मग गाडी बरी कशाने झाली? तेही मामांनीच शोधलं. बॉनेटखालच्या फ्यूजच्या डबीतले सगळे रिले पंधरा वर्षांच्या धुळीने मळलेले, त्यांत एकच नवा कोरा. रेडिएटरच्या पंख्याचा. काही शे रुपयांची वस्तू, बसवायला पाच मिनिटं. म्हणजे गॅरेजवाल्याला रोग पहिल्याच दिवशी बरोबर कळला होता. त्याने इलाजही बरोबर केला आणि बिल भलत्याच इलाजाचं लावलं. मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो. ज्याला काम येत नाही तो चुकीचं निदान करतो, पैसे जातात, गाडी तशीच राहते आणि आपण भांडायला जातो. ज्याला काम येतं त्याने असं फसवलं तर आपण त्याचे आभार मानून, चहाला पैसे देऊन घरी येतो.

जुन्या गाडीच्या मालकाची मनाची तयारी आधीच झालेली असते. इतकी चालली, आता खर्च निघणारच. समोरचा माणूस मोठा आकडा बोलला की आपल्याला तो पटतो, उलट "रिले गेलाय, तीनशे द्या" म्हटलं तर वाटतं याने नीट बघितलं नाही. या तयारीवर हा धंदा चालतो. तेव्हा गाडी नीट चालतेय एवढ्यावर बिलातलं काम झालं असं धरू नका. गाडी सुधारली हे एक, आणि लावलेलं काम झालं हे दुसरं. दुसऱ्याचा पुरावा वेगळा मागावा लागतो, आणि तो काम चालू असतानाच मिळतो. हेड उघडणार असतील तर उघडलेल्या स्थितीत, मागे तुमच्या गाडीचा नंबर दिसेल असा व्हिडिओ मागा. हेड फेसिंगला दिलं असेल तर लेथवाल्याची वेगळी पावती मागा. काम खरं असेल तर या दोन्ही गोष्टी द्यायला कुणालाही जड जात नाही. आपल्या इंजिनाला सिलिंडर किती, बेल्ट की चेन, हे गाडीबरोबर आलेलं पुस्तक आणि एखादा जाणता मिस्त्री यांच्याकडून आधीच माहीत करून घ्या.

पंख्याचं तर घरी बघता येतं. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करून एसी लावा, बॉनेट उघडून लांबून बघा. थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. हात, ओढणी, बाही जवळ नेऊ नका.

या एका प्रकारानंतर मी ओळखीच्यांची बिलं बघायला लागलो आणि तेच तेच दिसलं. "एसीचा गॅस संपला" म्हणून दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणारे कितीतरी. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दर वर्षी कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. "शॉकअप लीक आहे" म्हणून ओली नळी दाखवतात. खरी गळती धूळ धरून काळी चिकट झालेली असते. स्वच्छ, ताजं, पातळ तेल दिसलं तर पुसायला सांगा आणि आठवडाभराने पुन्हा बघा. स्कॅनर लावून "सेन्सर गेला" सांगतात, तेव्हा कोडचा आकडा लिहून घ्या. कोड कुठल्या भागाची तक्रार आहे ते सांगतो, तिथे वायर तुटली, पिन गंजली की सेन्सरच गेला हे मल्टिमीटरने तपासावं लागतं. आणि पासिंगची भीती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं आणि त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते, हे खरं आहे. पण वरून धडधाकट चालणारी गाडी इंजिन न उघडल्यामुळे नापास होईल, ही धमकी आहे. माझी गाडी त्याच इंजिनावर, त्याच न उघडलेल्या हेडवर पास झाली.

मी गॅरेजला फोन केला तर "गाडी चालतेय ना? मग झालं तर" एवढंच ऐकायला मिळालं. त्यानंतर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. मामांनी लेटरहेडवर काय दिसलं ते तारखेसह लिहून दिलं, बोल्टांचे आणि सीलंटचे फोटो जोडले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथून गॅरेजकडे विचारणा झाली, उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, गॅरेजच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. निकाल लागायचा आहे. बिल, पैसे दिल्याची नोंद, मामांचं पत्र आणि ते तीन भोकांचं गॅस्केट पुरावा म्हणून दिलं आहे.

मुदत मात्र दोन वर्षांची आहे. तुमच्याकडे हेडच्या, क्लचच्या किंवा गिअरबॉक्सच्या कामाचं बिल असेल आणि ते काम तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नसेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला दुसऱ्या मिस्त्रीला ते बिल हातात देऊन गाडीशी ताडून बघायला सांगा. त्याआधी बिलावरची तारीख बघा.