अलंकार शिकवताना: आधी व्याख्या की आधी उदाहरण?

सहावी ते आठवीच्या मुलांना अलंकार शिकवायचे तर बी.एड.च्या भाषेत दोन वाटा आहेत. अवगामी म्हणजे आधी फळ्यावर व्याख्या, मग उदाहरणं. उद्गामी म्हणजे आधी उदाहरणं, नियम मुलांनी शोधायचा.

व्याख्येची वाट झटपट. एका तासात उपमेचे उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द (तुलना दाखवणारा) वहीत उतरतात. शिष्यवृत्तीच्या बहुपर्यायी प्रश्नांना तेवढं बरेचदा पुरतंही. पण मुलं व्याख्या विसरतात आणि खूण तेवढी धरून ठेवतात: 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. मी एकदा 'सकाळपासून सारखा पाऊस पडतोय' हे वाक्य मुद्दाम पेपरात घातलं. अर्ध्या वर्गाने 'सारखा'ला गोल करून उपमा लिहिली. एकाने तर उपमेय पाऊस, उपमान सकाळ अशी जोडीही लावून टाकली!

शब्दालंकारांना उद्गामीच बरी. 'गरज सरो, वैद्य मरो' मोठ्याने म्हणून घ्या, यमक कानालाच कळतं. 'चटईला टाचणी टोचली' तीनदा भरभर म्हणायला लावलं की अनुप्रास काय ते मुलं हसत हसत सांगतात. श्लेष, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ, मात्र उलटा. 'श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी' हे नुसतं ऐकवलं तर वर्ग बुचकळ्यात पडतो. फळ्यावर 'न' सुटा लिहिला की 'नवरी'ची 'न वरी', म्हणजे वरणार नाही, ही गंमत उलगडते.

खरी ओढाताण होते ती उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत. इथे मी तीन वाक्यं शेजारी शेजारी लिहिते:

भाकरी चंद्रासारखी गोल आहे.
भाकरी म्हणजे जणू पुनवेचा चंद्रच!
भाकरी हाच आमचा चंद्र.

मग एकच विचारते, भाकरी आणि चंद्र किती जवळ आलेत? 'सारखे', 'जवळजवळ तेच', 'एकच' अशी उत्तरं येतात, आणि व्याख्या त्यानंतर फळ्यावर जाते. एकदा कुणीतरी विचारलं, 'माझी वही तुझ्या वहीसारखी आहे' ही उपमा का नाही? त्या वादात अख्खा तास गेला. या वाटेचा तोटा तोच, एका तासाचं काम तीन तासांवर जातं.

परीक्षा महिन्यावर असेल तर व्याख्येपासून सुरुवात करा, फक्त 'सारखा पाऊस'सारखी चकवणारी वाक्यं सरावात घाला. वर्ष हाताशी असेल तर उदाहरणांची वाट सोडू नका. घरी एकाच मुलाला शिकवणाऱ्या पालकांना तर ती आणखी सोपी, कारण घंटा होत नाही.

चेतनगुणोक्तीला, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं सांगणाऱ्या अलंकाराला, मी व्याख्या अगदी शेवटी देते. आधी घरातल्या निर्जीव वस्तूंवर पाच वाक्यं लिहून आणायला सांगते. परवा एकीने आणलं होतं: 'गणिताचं पुस्तक दप्तरातून डोळे वटारून बघतंय.'