मुलाखतीतला कोड आपल्या लॅपटॉपवर चालवण्याआधी हे वाचा

मी पुण्यात ब्लॉकचेन डेव्हलपर म्हणून काम करते. गेल्या पावसाळ्यात लिंक्डइनवर एका परदेशी कंपनीच्या नावाने निरोप आला. काम घरून, पगार डॉलरमध्ये. पाठवणाऱ्याच्या प्रोफाइलवर फोटो होता, जुन्या नोकऱ्या होत्या, ओळखीचं जाळं होतं. गिटहबवर, म्हणजे डेव्हलपर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, असलेलं माझं काम त्याने खरोखर वाचलेलं होतं. एका जुन्या प्रोजेक्टमधल्या बारीकशा गोष्टीबद्दल त्याने इतका नेमका प्रश्न विचारला, की समोर जाणकार माणूस आहे याची खात्रीच पटली. आपल्याकडचे नोकरीच्या नावाने लुटणारे आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागतात. इथे कुणी एक रुपयाही मागितला नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

पहिलं बोलणं झाल्यावर घरी करायची असाइनमेंट आली. एका गेमचा प्रोजेक्ट होता. तो उतरवून घ्यायचा, चालवायचा, त्यातले बग काढायचे आणि पुढच्या कॉलवर स्क्रीन शेअर करून दाखवायचं. डॉकरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात चालवू का, असं मी विचारलं. उत्तर लगेच आलं, ‘त्यात वॉलेटची जोडणी नीट होत नाही, थेट तुमच्या मशीनवरच चालवा.’ या क्षेत्रात अशा असाइनमेंट रोजच्याच असतात. नोकरी बदलणारा प्रत्येक डेव्हलपर त्या करतो आणि हा सापळा नेमका त्या सवयीवरच रचलेला आहे.

प्रोजेक्ट सुरळीत चालला. बगही खरेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं क्रिप्टो वॉलेट रिकामं होतं. परदेशी क्लायंटकडून फ्रीलान्स कामाचे मिळालेले, चार लाखांच्या घरातले पैसे रात्रीतून गेले. तो निरोप पाठवणारा, त्याचं प्रोफाइल, तो प्रोजेक्ट, सगळं गायब.

सायबर सुरक्षेत काम करणाऱ्या एका मित्राने माझ्याकडे उरलेली प्रत उघडून बघितली. एका साध्या फाइलमध्ये एका ओळीपुढे भरपूर मोकळी जागा सोडून, स्क्रीनच्या उजव्या कडेपलीकडे, दिसणारच नाही अशा ठिकाणी एक लांबलचक गचाळ ओळ ठेवलेली होती. त्याने ती ओळखली. ते ‘बीव्हरटेल’ नावाचं चोरी करणारं सॉफ्टवेअर होतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि मेटामास्कसारख्या क्रिप्टो वॉलेटचा डेटा ते उचलतं, मग ‘इनव्हिजिबलफेरेट’ नावाचा दुसरा प्रोग्राम आणून मशीनमध्ये चोरवाट उघडतं. या मोहिमेला सुरक्षा संशोधक २०२३ पासून ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ म्हणून ओळखतात आणि तिच्यामागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं सांगतात.

प्याँगयांगमधल्या सरकारला पुण्यातल्या एका डेव्हलपरची बचत कशाला हवी? याचं उत्तर निर्बंधांमध्ये आहे. २००६ मध्ये उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले. २०१७ मध्ये ते इतके आवळले, की कोळसा, लोखंड, मासळी, कापड हे त्या देशाचे कमाईचे मोठे रस्तेच बंद झाले. परदेशात राबणाऱ्या त्यांच्या मजुरांना २०१९ अखेरपर्यंत परत पाठवायचं ठरलं. क्षेपणास्त्रांचे सुटे भाग चोरून आणायचे तर परकीय चलन लागतंच. ते चोरीतून उभं राहू लागलं. २०१७ ते २०२३ या काळातल्या ५८ संशयित सायबर हल्ल्यांची, सुमारे ३०० कोटी डॉलरच्या चोरीची, चौकशी या निर्बंधांवर नजर ठेवणारं संयुक्त राष्ट्रांचं तज्ज्ञ मंडळ करत होतं. मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून त्या मंडळाची मुदतवाढच रोखली. मला याची मनापासून चीड येते. चोरी चालू आणि चौकीदार घरी.

पुणेकरांना तर हे परकं वाटायला नको. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि त्यात आपलं कोल्हापूरही होतं. त्या दरोड्याचा संबंधही याच तज्ज्ञ मंडळाने उत्तर कोरियाशी जोडला होता. मार्च २०२२ मध्ये ॲक्सी इन्फिनिटी या गेमच्या रोनिन या ब्लॉकचेन नेटवर्कमधून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. तिथेही एका इंजिनिअरला नोकरीच्या खोट्या ऑफरची पीडीएफ पाठवून आत शिरल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेही उत्तर कोरियानेच नेले असं एफबीआयने जाहीर केलं. म्हणजे तुमच्या वॉलेटमध्ये फारसं काही नसलं तरी तुमच्या लॅपटॉपवर कंपनीच्या चाव्या, म्हणजे तिथली लॉगिन आणि पासवर्ड, असतात, आणि मोठा घास तोच असतो.

याच सापळ्याची आणखी एक तऱ्हा आहे. ऑनलाइन मुलाखतीच्या पानावर ‘कॅमेरा चालत नाही’ असा संदेश येतो आणि दुरुस्तीसाठी एक कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला थेट हुकूम देण्याच्या खिडकीत, चिकटवायला सांगतात. ती चिकटवू नका, पान बंद करा. आणि कुणी ‘तुमचं फ्रीलान्सिंग अकाउंट भाड्याने द्या’ किंवा ‘आमचा लॅपटॉप तुमच्या घरी चालू ठेवा, महिन्याला पैसे देऊ’ म्हणालं, तर ताबडतोब नकार द्या. नाव बदलून परदेशी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या उत्तर कोरियन आयटी कामगारांसाठी असे लॅपटॉप घरात ठेवणाऱ्या ॲरिझोनातल्या एका महिलेला २०२५ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली.

असाइनमेंट करायचीच असेल तर ती वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या वेगळ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये करा, जिथे तुमचा ब्राउझर नाही, वॉलेट नाही, ऑफिसचं लॉगिन नाही. ‘तिथे चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर मुलाखत तिथेच संपवा. कोड आधीच चालवून झाला असेल तर ते मशीन नेटपासून तोडा. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून नवीन सीड फ्रेजचं (वॉलेट उघडणाऱ्या गुप्त शब्दांच्या मालिकेचं) वॉलेट उघडून उरलेले पैसे तिकडे हलवा, सगळे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा. ऑफिसला त्याच दिवशी सांगा, नोकरी शोधत होतात हे उघड झालं तरी चालेल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि चोराच्या वॉलेटचा पत्ता व व्यवहाराचा हॅश (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) तक्रारीत लिहा. तो पैसा एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचला तर तिथे गोठवायला तेवढाच धागा हाती असतो.